इलॅस्टिकवरचं गाणं

पडद्याचं कापड कापायच्या आधी टांगून ठेवावं लागतं. तागा घट्ट गुंडाळून आलेला असतो. टांगला की आपल्याच वजनानं हळूहळू खाली उतरतो, सैलावतो, आणि मग त्याची खरी लांबी कळते. घाईनं कापलं तर पडदा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन वाढतो आणि फरशी झाडायला लागतो. म्हणून त्या कारखान्यात छतापासून सगळीकडे काही ना काही लोंबत असायचं. त्या रंगांमधून वाट काढत ताई सकाळी आपल्या मशीनपाशी जायची, तेव्हा रोजच तिला वाटायचं की आपण कुणाच्या तरी झोपेतून चाललोय, आणि तो माणूस अजून उठलेला नाही.

ताई ही तिथली सगळ्यात जुनी शिवणारी. तिला सगळेच ताई म्हणत. मालकसुद्धा, जो तिच्याहून चांगला मोठा होता. खरी ताई मात्र ती एकाचीच होती. तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. लहानपणी स्क्रू काढून काढून घरातली एकही वस्तू त्यानं धड ठेवली नाही, म्हणून वडिलांनी त्याचं नाव पेचकस ठेवलं होतं. आता त्याचे केस पिकले, गुडघा कुरकुरायला लागला, तरी ताईच्या तोंडी तो पेच्याच राहिला.

शिवताना ताई एक गाणं गुणगुणायची. एकच. तिचा पाय मशीनवर त्या गाण्याच्या चालीनं पडायचा, आणि चाल इतकी संथ होती की शेजारी इस्त्री करणारी वैतागायची.

"ताई, तुमचं ते सुरू झालं ना, की माझी इस्त्रीसुद्धा पेंगते. त्या गाणाऱ्याचं कोण गेलं होतं?"

"कुणी गेलं नव्हतं. तो घरी येतोय."

"या वेगानं? पोचेपर्यंत घरातले झोपतील."

"म्हणून तर दिवा ठेवायला सांगतोय," ताई म्हणायची, आणि चुण्या सारख्या करायला लागायची.

गाणं होतं 'मागचं दार' नावाच्या बँडचं. ताईच्या शाळेच्या दिवसांत असे बँड पुष्कळ होते. चार मित्र, दोन गिटार, एक उसना ड्रम आणि कुणाच्या तरी काकांचं गॅरेज. रेडिओ त्यांना विचारायचा नाही. त्यांच्या कॅसेट निघायच्या त्या थोड्याच, आणि ज्यांना मिळायच्या त्यांना आपण एखाद्या गुप्त मंडळात असल्यासारखं वाटायचं. त्यांची गाणी चकचकीत नसायची. त्यांत मालमोटारी असायच्या, बंद पडलेले कारखाने, पत्र्यावरचं ऊन, उशिरा घरी येणारी माणसं. गिटारवर बोट सरकल्याचा चर्र आवाजसुद्धा तसाच ठेवलेला असायचा. ताईला तो फार आवडायचा. नवीन गाण्यांमध्ये तो नसतो. नवीन गाणी तिला प्लास्टिकच्या वेष्टणातून न काढलेल्या सोफ्यासारखी वाटायची. बसता येतं, पण टेकवत नाही.

'मागचं दार'ची कॅसेट दोघा भावंडांनी मिळून घेतली होती. कव्हरवर भिंतीला टेकलेले चौघं, चेहरे धड दिसत नाहीत. त्यातला गाणारा कोण हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या मनानंच ठरवलं होतं. आवाज इतका जड, इतका सावकाश, की माणूस नक्कीच भला थोरला असणार. खुर्चीत बसून, डोळे मिटून गात असणार. आयुष्यात खूप सोसलेलं असणार. त्याला ते दोघं जाड्या म्हणत.

त्या वर्षी आई घरी नव्हती. उपचारासाठी तिला दूरच्या इस्पितळात ठेवलं होतं आणि ती कधी येणार हे विचारलं की वडील चष्मा पुसायला लागायचे. घर चढावर होतं. खिडकीतून खालचा रस्ता दिसायचा आणि रस्त्याचं वळण. शाळेतून आलं की दोघं खिडकीच्या कट्ट्यावर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि वळणाकडे बघत जाड्याला ऐकायचे.

वळणावर आहे मी, दिवा असू दे,
दाराला कडी नको, हवा असू दे.

'वळणावर' म्हटल्यावर जाड्या थांबायचा. वाद्यंही त्याच्याबरोबर थबकायची, किंचित डगमगायची, जणू सगळा बँडच धापा टाकतोय. मग खोल कुठून तरी 'आहे मी' यायचं. त्या मधल्या जागेत दोघं श्वास घ्यायची. ठरवून नाही, आपोआपच.

आणि एका दुपारी आई आली. रस्ता खणलेला होता म्हणून गाडी खालीच राहिली. वडिलांच्या दंडाला धरून आई पायी निघाली, एकेक पाऊल टाकत. खिडकीत जाड्या गात होता. त्यानं 'वळणावर' म्हटलं आणि आई वळणावर थांबली, श्वास घ्यायला. तो 'आहे मी' म्हणाला आणि आईनं पाऊल उचललं. हे खरंच असं झालं, की दोघांनी मिळून नंतर तसं ठरवलं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण दोघांनाही ते एकसारखंच आठवतं, आणि भावंडांच्या बाबतीत हे फार झालं.

आई पुढे बरीच वर्षं जगली, ठणठणीत जगली. तिला मात्र ते गाणं कधीच आवडलं नाही. "काय तो माणूस," ती म्हणायची, "त्याला कुणी पाणी तरी द्या रे."

तर असं हे गाणं. ताईनं ते लेकीला झोपवताना म्हटलं, नवऱ्याच्या आजारपणात म्हटलं, आणि एकटी झाल्यावर मशीनवर. टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला होता. कॅसेट डब्यात होती, पण ती वाजवायला घरात काही नव्हतं आणि ताईला त्याची गरजही वाटायची नाही. गाणं तिच्या पायातच होतं.

मग पेच्यानं ते फोनवर पाठवलं.

"ताई, बसलीयस ना? जुन्या बँडची गाणी कुणीतरी साफसूफ करून परत काढलीयत. आपला जाड्या आहे त्यात! मी अजून ऐकलं नाही, पहिला मान तुझा."

दुपारची वेळ होती. टेबलावर काळी मखमल पसरलेली होती. गावातल्या नव्या छोट्या नाट्यगृहाच्या रंगमंचाचा मोठा पडदा शिवायला आला होता. ताईनं हात पुसले, फोन मखमलीवर ठेवला आणि गाणं लावलं.

आधी तिला वाटलं, दुसरंच काही लागलंय. ड्रम टपाटप वाजत होते, गिटार उड्या मारत होती, आणि एक पोरसवदा, किडकिडीत आवाज मजेत ओरडत होता: वळणावर आहे मी दिवा असू दे! थांबला नाही की डगमगला नाही. मोटरसायकलवर मागे दोन मित्र बसवून पार्टीला निघालेला कुणी टवाळ पोरगा वळणावरून हॉर्न मारतोय, असं ते गाणं होतं. ताईला नीट बसायलाही वेळ मिळाला नाही, तोवर संपलं.

"हे छान आहे की!" इस्त्रीवाली म्हणाली. "कुठलं हो?"

ताईनं भावाला फोन लावला.

"पेच्या, तू चुकीचं पाठवलंस."

"थांब, ऐकतो." आणि मग पलीकडे लिफ्टच्या खोलीतली घरघर तेवढी ऐकू येत होती. मग एकदम तो हसायला लागला. असा हसला, की ताईनं फोन कानापासून लांब धरला.

"अगं ताई! इलॅस्टिक!"

"काय इलॅस्टिक?"

"आपल्या टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळला होता ना, डांबरासारखा? मी आईच्या शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक घातलं होतं. चड्डीचं! ते सैल पडायचं, घसरायचं. म्हणून सगळं हळू वाजायचं. आपण कॅसेट घेतली ती त्याच्यानंतर. आपल्याला जाड्या कसा वाजतो ते माहीतच नव्हतं गं! आणि बाबा आठवतायत? त्यांची जुनी गाणी लावली की म्हणायचे, हल्ली सगळेच गायक पेंगलेले असतात."

ताईलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेलं. "म्हणजे तो थांबत नाही?"

"कोण?"

"जाड्या. वळणावर."

"नाही. ते इलॅस्टिक थांबायचं," पेच्या म्हणाला. आणि मग त्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण त्याचं हसणं विझलं.

त्या दिवसापासून ताईच्या पायातलं गाणं गेलं. गुणगुणायला जावं तर तो किडकिडीत पोरगा मध्येच उडी मारून यायचा आणि तिच्या पुढे पळत सुटायचा. पाय त्याच्यामागे जायचा, मशीन धावायचं. डोळे मिटून ती खिडकी आठवायला बघायची, तर आई वळणावरून तरातरा चालत यायची, जुन्या मुक्या सिनेमातल्या माणसांसारखी. ताईला त्या पळणाऱ्या आईकडे बघवायचं नाही.

मखमलीला एका बाजूची लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर अडते, आणि उलटी टांगली तर तिचा काळा निराळाच दिसतो. ताईच्या हातून आजवर लव कधी चुकली नव्हती. या पडद्यात जोडलेल्या कापडाच्या पट्ट्यांपैकी एक पाट उलटा लागला. तोही मधला.

"ताई," इस्त्रीवाली हलकेच म्हणाली, "बरं आहे ना सगळं?"

"गाणं हरवलंय," ताई म्हणाली आणि उसवायला बसली.

"फोनमध्ये आहे की!"

"फोनमध्ये त्यांचं आहे. माझं हरवलंय."

पेच्याला चैन पडेना. तो बिचारा जन्मभर बिघडवलेल्या वस्तू दुरुस्त करून देत आलेला. त्यानं फोनवरच कसलीशी खटपट करून तेच गाणं संथ केलं आणि पाठवलं. ताईनं ऐकलं. संथ होतं खरं, पण सगळीकडे एकसारखं संथ, इमारतीतल्या लिफ्टसारखं. कुठेच घसरत नव्हतं, कुठेच श्वास घेत नव्हतं.

"जमलं का गं?" त्यानं विचारलं.

"चांगलं आहे," ताई म्हणाली.

"म्हणजे नाही जमलं."

"पेच्या, खरं सांगू? ते गाणं जगात कुठे नव्हतंच. कॅसेटमध्येही नव्हतं. कॅसेट आणि आईचं इलॅस्टिक यांच्या मध्ये कुठेतरी होतं. आपण दोघं सोडून कुणी ऐकलंच नाही."

"आईनं ऐकलं."

"तिला आवडलं नव्हतं."

यावर दोघंही हसली, आणि फोन ठेवल्यावर ताई जराशी रडली. मखमलीवर पाणी पडलं की डाग राहतो, म्हणून तोंड बाजूला वळवून.

पडदा पोचवायला ती स्वतः नाट्यगृहात गेली. टांगल्यावर उतरतो किती ते बघायचं होतं. शिडीखाली उभ्या असलेल्या व्यवस्थापकानं मान वर करून पडदा पाहिला, हात फिरवून पाहिला, आणि खूश होऊन म्हणाला, "बाई, उद्घाटनाला यायचं हं. दोन पास तुमचे. जुना बँड बोलावलाय. 'मागचं दार'. तुम्ही काही ऐकला नसेल."

ताईनं शिडीचा दांडा धरला.

"अजून आहेत ते?"

"दोघं आहेत. गाणारा आणि ड्रमवाला. बाकी पोरं भाड्यानं घेतात. कार्यक्रम संध्याकाळी पाचला ठेवलाय, सगळ्यांच्या गोळ्या-जेवणाच्या वेळा सांभाळून."

पास पर्समध्ये ठेवून ती घरी आली आणि जायचं नाही असं ठरवलं. आत्तापर्यंत निदान थोडी आशा होती. काही दिवस त्या पोरट्याला ऐकलं नाही तर तो आपोआप निघून जाईल आणि जाड्या परत येईल. पण समोर उभं राहून त्यानंच ते धावतं गाणं म्हटलं, की मग विषयच संपला. मग आई कायमची पळत राहणार.

पेच्या ऐकेना. "मी येतोय. रजा टाकलीय. जाड्याला बघितल्याशिवाय मरायचं नाही मला."

"आणि त्यानं पळवलं गाणं तर?"

"तर निदान एकदाच पळेल. ताई, तो जिवंत माणूस आहे गं. कॅसेट नाही."

नाट्यगृह भरलं होतं. पिकल्या केसांच्या बायका, बँडच्या नावाचे जुने शर्ट पोटावर ताणून बसवलेले पुरुष, काठ्या, चष्म्याच्या दोऱ्या. ताई आणि पेच्या मधल्या रांगेत बसले. ताईनं आधी पडद्याची खालची दुमड पाहिली. फरशीपासून बोटभर वर, सरळ. पडदा बाजूला सरकताना मखमलीवरून उजेड ओघळत गेला.

आणि जाड्या बाहेर आला. काडीसारखा बारीक. शर्ट अंगावर हँगरला अडकवल्यासारखा.

"हा?" पेच्या कुजबुजला. "हा तर फुंकर मारली तर उडेल."

"गप."

पहिली गाणी जोरात झाली. म्हणजे भाड्याची पोरं जोरात वाजवत होती आणि तो मागून धापा टाकत येत होता. लोकांना त्याचं काही नव्हतं. ते टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारायचा प्रयत्न करत होते, कवळ्या सांभाळून. ताईनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. प्रत्येक गाणं संपलं की तिला वाटायचं, बरं झालं, ते नव्हतं. आणि लगेच वाटायचं, आता तेच असणार.

मग त्यानं खुर्ची मागवली. सावकाश बसला, गिटार मांडीवर घेतली. पोरांना हातानं थांबवलं.

"हे गाणं आम्ही फार पळवलं त्या काळी," तो म्हणाला. "कुठे एवढं जायचं होतं, देव जाणे. आता गुडघे म्हणतील तसं."

बोट तारेवरून सरकलं. चर्र.

लोकांनी ओळखलं. एकच आरोळी उठली आणि सगळ्या सभागृहानं टाळ्यांनी ठेका धरला, जुना, धावता. तो त्यांच्याकडे बघून हसला आणि आपल्याच चालीनं सुरू झाला. डोळे मिटून. "वळणावर…"

"आहे मी!" सगळं सभागृह ओरडलं आणि एकटंच पुढे निघून गेलं. तो आलाच नव्हता. तो वळणावर थांबला होता, तोंड किंचित उघडं, छाती वर-खाली. ड्रमवाल्या म्हाताऱ्यानं झांजेवर हात ठेवला आणि वाट बघत राहिला. टाळ्या गोंधळल्या, विरळ झाल्या, थांबल्या. एवढं भरलेलं सभागृह शांत झालं.

मधल्या रांगेत दोघांनी श्वास घेतला. ठरवून नाही, आपोआप.

"आहे मी," त्यानं म्हटलं, आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, ताईनं आणि पेच्यानं म्हटलं. दुसऱ्या कुणालाच ते जमलं नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हती. दोन पिकले आवाज, एक बेसूर, अंधारातून सरळ त्याच्यापर्यंत गेले. त्यानं डोळे उघडून त्या दिशेला पाहिलं.

पुढच्या प्रत्येक वळणावर तो थांबत गेला. कधी लांब, कधी थोडका, कधी मध्येच डगमगला. लोक हळूहळू गप्प झाले आणि गाणं त्या तिघांनीच पार नेलं. खालून कुणीतरी चालत येत होतं. दंडाला धरून, खणलेल्या रस्त्यावरून, एकेक पाऊल. ताईनं मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. वळणावर आई थांबली, तिनं पदरानं कपाळ पुसलं, आणि वर खिडकीकडे पाहिलं. तिला कसलीही घाई नव्हती.

शेवटच्या कडव्याआधी तो जास्तच वेळ थांबला. ड्रमवाला उठला, वाकत वाकत आला आणि त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"दिलं गं शेवटी कुणीतरी," पेच्या पुटपुटला.

ताईला हसू फुटलं, आणि डोळ्यांतून घळाघळा वाहायलाही लागलं. तिनं रुमाल शोधला, तो सापडेना, म्हणून भावाच्या शर्टाची बाही ओढून घेतली. रंगमंचाच्या कडेला तिचा पडदा आपल्या वजनानं खाली लोंबत होता, अजून थोडा उतरायचा होता.

पेच्यानं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"ताई, ह्याचं इलॅस्टिक आपल्यापेक्षाही सैल आहे गं."

"शू," ताई म्हणाली. "वळण आलं. श्वास घे."